संकेतस्थळाची रोजकीर्द : लिहिणारे अनेक, वही एक

एखाद्या योजनेसाठी ऑनलाईन अर्ज करण्याची मुदत ३१ मार्च रोजी रात्री बारा वाजता संपणार आहे, असे गृहीत धरावे. गावातील एक शेतकरी रात्री अकरा वाजून बावन्न मिनिटांनी सेवा केंद्रातील संगणकावरून आपला अर्ज सादर करतो. कळ दाबली जाते, पडद्यावर चक्र फिरत राहते, पोचपावती मात्र येत नाही. दुसऱ्या दिवशी चौकशी केली असता असे उत्तर मिळते की, या नावाचा अर्ज प्राप्त झालेला नाही. शेतकरी म्हणतो अर्ज केला, कार्यालय म्हणते अर्ज आला नाही, आणि दोघेही खरे बोलत असण्याचा पूर्ण संभव आहे. मग निवाडा कशावरून करावयाचा?

कागदी कारभारात या प्रश्नाची सोय होती. टपाल आले की आवक लिपिक त्यावर तारखेचा शिक्का मारीत असे, अनुक्रमांक घालीत असे आणि आवक बारनिशीत एक ओळ लिहीत असे. कागद पुढे कोणत्या टेबलावर गेला आणि कोठे रेंगाळला, हा भाग वेगळा. पण तो कार्यालयाच्या उंबरठ्याच्या आत आला होता की नाही, एवढे तरी त्या एका ओळीवरून ठरत असे. संकेतस्थळावर येणाऱ्या अर्जाची अशी ओळ कोण लिहितो, ती कोठे लिहिली जाते आणि ती हरवते कशी, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. वरवर पाहता तो केवळ तंत्रज्ञांचा विषय वाटेल. परंतु वाद उपस्थित झाल्यावर उत्तर देण्याचा प्रसंग तंत्रज्ञावर क्वचितच येतो. तो संबंधित अधिकाऱ्यावर येतो, आणि ज्याच्या दारात अर्जदार सकाळी येऊन उभा राहतो त्या पंचायत सदस्यावर येतो.

संगणकाच्या या वहीस 'लॉग' असे म्हणतात. हा शब्द समुद्रावरून आलेला आहे. शिडाच्या जहाजाचा वेग मोजण्यासाठी खलाशी लाकडाचा एक तुकडा, म्हणजे लॉग, दोरीस बांधून पाण्यात सोडीत. दोरीला ठराविक अंतरावर गाठी मारलेल्या असत. वाळूचे घड्याळ रिकामे होईपर्यंत किती गाठी हातातून सुटल्या हे मोजून वेग ठरविला जाई आणि तो वहीत लिहिला जाई. जहाजाचा वेग आजही 'नॉट'मध्ये, म्हणजे गाठींमध्येच, सांगितला जातो. आणि त्या लाकडावरून वहीला लॉगबुक हे नाव पडले. पहिल्या पिढीतील संगणकांजवळही अशी वही असे. हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क-२ या यंत्राच्या वहीत ९ सप्टेंबर १९४७ रोजी, यंत्राच्या रिलेमध्ये अडकलेला पतंग चिकटपट्टीने लावून ठेवण्यात आला. ते पान आजही अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात आहे. बिघाड झाला, तो केव्हा झाला आणि कशाने झाला, या तिन्ही गोष्टी त्या एका नोंदीत आहेत. लॉगकडून अपेक्षा असते ती एवढीच.

मराठी माणसाला यासाठी परका शब्द शोधण्याची गरज नाही. आपल्या पेढ्यांत आणि सहकारी संस्थांत रोजकीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. व्यवहार घडेल त्या क्रमाने रोजकिर्दीत उतरतो आणि तेथून तो ज्याच्या त्याच्या खात्यात खतावला जातो. संकेतस्थळाची माहिती जेथे साठते तो डेटाबेस ही खतावणी होय. अर्ज पूर्णपणे स्वीकारला गेला तरच तो तेथे दिसतो. लॉग ही रोजकीर्द होय. अर्ज आला, तपासला गेला, छायाचित्राची फाईल मोठी म्हणून अडला, डेटाबेसने तीस सेकंद उत्तर दिले नाही, काम अर्धवट तुटले, हे सारे केवळ तेथेच लिहिलेले असते. वरील उदाहरणातील कार्यालयाने खतावणी पाहून "अर्ज नाही" असे सांगितले आणि ते खोटे नाही. प्रश्न रोजकिर्दीत काय आहे, हा आहे.

येथे एक अडचण उद्भवते, आणि ती संकेतस्थळाच्या रचनेतूनच निर्माण होते. चालू स्थितीतील आज्ञावलीस संगणकाच्या परिभाषेत 'प्रोसेस' म्हणतात. एक साधी प्रोसेस एका वेळी एकच विनंती हाताळू शकते. ती पुरी होईपर्यंत दुसऱ्याने रांगेत थांबावयाचे. रेल्वेच्या स्थानकावर तिकिटाची एकच खिडकी उघडी असावी, तसा हा प्रकार आहे. म्हणून संकेतस्थळाच्या सर्व्हरवर एकाच आज्ञावलीच्या अनेक प्रती एकाच वेळी चालविल्या जातात. पायथन या भाषेत लिहिलेल्या संकेतस्थळांसाठी गुनिकॉर्न नावाचा सर्व्हर जगभर वापरला जातो. त्यात एक मुख्य प्रोसेस असते आणि तिच्या हाताखाली अनेक कामकरी प्रोसेस, म्हणजे वर्कर, असतात. मुख्य प्रोसेस स्वतः अर्ज घेत नाही. ती हाताखालच्यांवर देखरेख करते, एखादा वर्कर पडला तर त्याच्या जागी दुसरा उभा करते. वर्करांची संख्या संगणकातील गाभ्यांच्या दुपटीत एक मिळवून ठरवावी, असा प्रारंभिक हिशेब गुनिकॉर्नच्या माहितीपत्रकात दिलेला आहे. म्हणजे चार गाभ्यांच्या साध्या सर्व्हरवर नऊ वर्कर झाले.

नऊ वर्कर म्हणजे नऊ खिडक्या आणि नऊ लेखनिक. प्रत्येकाच्या हातात स्वतंत्र लेखणी आहे; वही मात्र बहुतेक ठिकाणी एकच असते. आज्ञावली लिहिताना ती तयार करणाऱ्याने आपल्या टेबलावर एकाच प्रोसेसवर ती चालवून पाहिलेली असते. तेथे लॉगची फाईल स्वच्छ, ओळीने ओळ लागलेली दिसते. प्रत्यक्ष सेवेत आल्यावर तीच फाईल नऊ जण एकाच वेळी उघडतात आणि लिहू लागतात. पायथनमध्ये नोंदी करण्याची 'लॉगिंग' ही अंगभूत सोय २००३ पासून आहे. एकाच प्रोसेसमधील अनेक सूत्रांनी एका फाईलीत लिहिले तर ती सोय त्यांना कुलूप लावून एकामागून एक सोडते. मात्र अनेक स्वतंत्र प्रोसेसनी एकाच फाईलीत लिहिण्याची हमी ती देत नाही, असे तिच्या अधिकृत माहितीपत्रकातच स्पष्ट म्हटले आहे. ही ओळ वाचणारे थोडे आणि न वाचता काम पुढे नेणारे पुष्कळ, अशी आजची स्थिती आहे.

प्रत्यक्षात काय घडते ते पाहावे. प्रत्येक वर्करने फाईल 'शेवटी जोडा' या पद्धतीने उघडली असेल आणि प्रत्येक नोंद एका दमात लिहिली असेल, तर लिनक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टिम प्रत्येक नोंद फाईलीच्या अखेरीस नेऊन ठेवते, आणि आखूड नोंदी सहसा शाबूत राहतात. याच आधारावर अनेक संकेतस्थळे वर्षानुवर्षे निभावून नेली जातात. परंतु ही पद्धत न वापरता फाईल उघडली तर आपण कोठपर्यंत लिहिले याचे माप प्रत्येक वर्कर स्वतःपुरते ठेवतो. दुसऱ्याने दरम्यान लिहिलेल्या ओळींवर तो आपल्या ओळी गिरवतो. फाईल नेटवर्कवरील दुसऱ्या संगणकावर, एनएफएस पद्धतीने जोडलेली असली, तर 'शेवटी जोडा' ही पद्धतही अनेक प्रोसेसच्या लेखनात भरवशाची राहत नाही. मग एकाची अर्धी ओळ, तिच्या पोटात दुसऱ्याची पूर्ण ओळ आणि पुढे पहिल्याचे उरलेले शब्द, असा मजकूर तयार होतो. बिघाडाची सविस्तर नोंद ही वीस-पंचवीस ओळींची असते. ती तुकड्यातुकड्यांनी लिहिली गेली तर तिच्या मधोमध इतरांच्या ओळी घुसतात, आणि कोणता बिघाड कोणाच्या अर्जाचा हे सांगणे कठीण होते.

याहून दुर्लक्षिला जाणारा दोष साठवणुकीचा आहे. घाईत काम करणारे काही जण लॉगिंगच्या विहित सोयीऐवजी साध्या 'प्रिंट' आज्ञेने नोंदी करतात. विहित सोय प्रत्येक नोंद लगेच पुढे पाठविते. 'प्रिंट'चा मजकूर मात्र पडद्याऐवजी फाईलीकडे वळविलेला असल्यास काही हजार अक्षरे साठेपर्यंत प्रोसेसच्या जवळच पडून राहतो आणि मग गठ्ठ्याने बाहेर पडतो. गठ्ठा ओळीच्या मध्येच तुटला तरी त्याला पर्वा नसते. आता गुनिकॉर्नमध्ये असा नियम आहे की, साधा वर्कर तीस सेकंदांत कामातून मोकळा झाला नाही तर मुख्य प्रोसेस त्यास सक्तीने बंद करते. ही मर्यादा बदलता येते, पण न बदलल्यास ती तीस सेकंद असते. वर्कर असा अकस्मात बंद झाला की त्याच्याजवळ साठलेला मजकूर त्याच्याबरोबरच नाहीसा होतो. म्हणजे जी नोंद सर्वांत महत्त्वाची, प्राण जाण्यापूर्वीची अखेरची, नेमकी तीच वहीत उतरत नाही. शेतकऱ्याच्या पडद्यावर चक्र फिरत राहिले होते, हे येथे आठवावे.

तथापि सर्वांत मोठी हानी होते ती वही बदलताना. लॉगची फाईल सतत वाढत जाते. म्हणून दररोज मध्यरात्री किंवा विशिष्ट आकारमान झाल्यावर जुनी फाईल बाजूस ठेवून नवी उघडावी लागते. यास 'रोटेशन' असे नाव आहे. पायथनमध्ये मध्यरात्री फाईल बदलण्याची तयार सोय उपलब्ध आहे. ती एका प्रोसेससाठी योजलेली आहे. पण आज्ञावलीत ती असली की नऊच्या नऊ वर्करांत ती असते. दीर्घकाळ प्रचलित असलेल्या पायथनच्या आवृत्त्यांत ती कशी वागत आली आहे, ते क्रमाने पाहण्यासारखे आहे. बारा वाजून गेल्यावर ज्या वर्करला पहिली नोंद करावयाची असते, तो चालू फाईलीस ३१ मार्चचे नाव देतो आणि नवी कोरी फाईल उघडतो. येथपर्यंत सर्व ठीक आहे. काही सेकंदांनी दुसऱ्या वर्करला नोंद करण्याचा प्रसंग येतो. पहिल्याने फाईल बदलली याची त्याला वार्ता नाही. तोही फाईल बदलावयास निघतो. ३१ मार्चच्या नावाची फाईल आधीच आहे असे पाहून ती जुनी अडगळ समजून पुसून टाकतो, आणि नुकतीच उघडलेली, दोन-चार ओळींची फाईल त्या नावाने ठेवून देतो. तिसरा, चौथा, नववा, सर्वजण हेच करतात. सकाळी तंत्रज्ञ ३१ मार्चची फाईल उघडतो तेव्हा तीत मध्यरात्रीनंतरच्या थोड्या ओळी असतात. दिवसभराची रोजकीर्द गेलेली असते, आणि त्याबद्दल कोठेही बिघाडाची सूचना उमटलेली नसते. अलीकडील आवृत्त्यांत त्या नावाची फाईल आधीच असल्यास ती न पुसता मागे फिरण्याची दुरुस्ती करण्यात आली आहे. तरीही जुन्या आवृत्त्यांवर चालणाऱ्या सेवा आहेतच.

मुदतही मध्यरात्री संपते आणि वहीही मध्यरात्री बदलते. ज्या रात्री नोंदीची सर्वाधिक गरज, त्याच रात्री ती पुसली जाण्याची सर्वाधिक शक्यता, असा हा योग आहे.

लिनक्समध्ये रोटेशनचे काम आज्ञावलीऐवजी 'लॉगरोटेट' नावाच्या स्वतंत्र साधनाकडे सोपविता येते आणि तेच श्रेयस्कर. मात्र तेथेही एक बारकावा आहे. फाईलीचे नाव बदलले तरी ती उघडून बसलेला वर्कर नावाकडे पाहत नाही. तो जुन्याच फाईलीत लिहीत राहतो. म्हणून नाव बदलल्यानंतर सर्व्हरला विशिष्ट संकेत देऊन "फाईल पुन्हा उघडा" असे कळवावे लागते. हे टाळण्यासाठी फाईलीची प्रत काढून मूळ फाईल रिकामी करण्याची दुसरी पद्धत आहे. प्रत काढणे आणि रिकामी करणे यांमधील अल्प वेळात लिहिलेल्या नोंदी मात्र जाऊ शकतात, असे या साधनाच्या माहितीपत्रकात प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे.

मग उपाय कोणता? प्रत्येक वर्करला वेगळी वही द्यावी, असे प्रथम सुचते. दहा ठिकाणी दहा वह्या ठेवून शेवटी जुळणी करीत बसण्याचा अनुभव ज्यांनी जनगणनेत किंवा निवडणुकीच्या कामात घेतला आहे, त्यांना या उपायाचे मोल वेगळे सांगावयास नको. शिवाय वर्कर मरतात आणि नवे जन्मतात, त्यांचे क्रमांक बदलतात आणि जुने क्रमांक कालांतराने दुसऱ्यास मिळतात. वह्यांची संख्या वाढत जाते आणि त्यांचा वाली कोणी राहत नाही.

खरा उपाय आवक शाखेनेच दाखवून दिलेला आहे. खिडक्या कितीही असल्या तरी बारनिशी लिहिणारा एक असावा. वर्करने फाईलीस हात न लावता आपली नोंद एका रांगेत ठेवावी, आणि रांगेच्या दुसऱ्या टोकास बसलेल्या एकाच प्रोसेसने ती वहीत उतरवावी. पायथनमध्ये अशी रांग आणि तिचा लेखनिक यांची तयार सोय २०११ मधील ३.२ या आवृत्तीपासून आहे. फाईल एकच जण उघडतो, एकच जण बदलतो. त्यामुळे मध्यरात्रीचा घोटाळा उद्भवत नाही.

हीच कल्पना फार पूर्वी 'सिसलॉग'च्या रूपाने आली होती. १९८० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथे एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या टपाल-आज्ञावलीसाठी ती तयार केली आणि पुढे ती युनिक्स घराण्यातील बहुतेक यंत्रांवर रुळली. प्रत्येक आज्ञावलीने आपली नोंद एका ठराविक दारातून आत टाकावी, व तेथील सेवकाने ती योग्य वहीत लिहावी, अशी ही व्यवस्था आहे. नोंदीचे गांभीर्य शून्य ते सात अशा आठ पायऱ्यांत सांगितले जाते. शून्य म्हणजे यंत्रणा निकामी, सात म्हणजे केवळ तपासणीसाठीची टिपणी. जुन्या पद्धतीच्या सिसलॉगमधील नोंदीवर महिना, दिवस आणि वेळ असे. वर्ष नसे आणि कोणत्या देशाची वेळ तेही नसे. अशा नोंदीवरून दोन वर्षांपूर्वीच्या प्रकरणात निर्णय कसा द्यावा, हे ज्याने त्याने ठरवावे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ५४२४ या मानकाने वर्ष आणि वेळेचा पट्टा या दोन्ही गोष्टींना जागा दिली.

तिसरा मार्ग अलीकडे अधिक प्रचारात आहे. हेरोकू या अमेरिकन कंपनीतील अभियंत्यांनी २०११ च्या सुमारास संकेतस्थळांच्या रचनेची बारा तत्त्वे मांडली. त्यांतील एक तत्त्व असे की, आज्ञावलीने लॉगच्या फाईलीची उठाठेव करूच नये. नोंद सरळ आपल्या बाहेर जाणाऱ्या प्रवाहात सोडावी आणि तो प्रवाह अडवून साठविण्याचे काम ज्या यंत्रणेवर ती चालते तिच्याकडे राहू द्यावे. लिनक्समधील 'जर्नल' ही सेवा किंवा डॉकरसारखी व्यवस्था हे काम करते. हा मार्ग सोपा आहे, पण सर्वस्वी निर्धोक नाही. सर्व वर्करांचा प्रवाह एकाच नळीतून जात असेल तर लिनक्सवर ४,०९६ बाइटपर्यंतचे एका दमातील लेखन अखंड राहील अशी हमी असते. त्याहून लांब नोंदीत दुसऱ्याचे शब्द मिसळू शकतात. देवनागरीतील एक अक्षरचिन्ह सामान्यतः तीन बाइट घेते, त्यामुळे मराठी मजकुराच्या नोंदी ही मर्यादा इंग्रजीपेक्षा लवकर ओलांडतात, हे आपल्याकडील तंत्रज्ञांनी विशेषत्वाने ध्यानात घ्यावयास हवे. दुसरे असे की, थोड्या वेळात ठराविक संख्येहून अधिक नोंदी आल्या तर 'जर्नल' त्यांपुढील नोंदी टाकून देते आणि "इतक्या नोंदी गाळल्या" एवढेच लिहून ठेवते. एखाद्या बिघडलेल्या आज्ञावलीने वही भरून टाकू नये यासाठी ही योजना आहे आणि ती योग्यच आहे. परंतु अखेरच्या रात्रीची गर्दी आणि बिघाडाची गर्दी यांतला भेद त्या नियमास कळत नाही. ती मर्यादा आधीच वाढवून ठेवणे हे माणसाचे काम आहे.

नोंद अखंड राहिली म्हणजे सर्व साधले, असे मात्र नाही. नऊ जणांच्या ओळी एकाच वहीत आल्यावर एका अर्जाची कथा तीतून वेगळी काढता आली पाहिजे. शेतकऱ्याने पहिले पान उघडले तेव्हा तिसऱ्या वर्करने उत्तर दिले, छायाचित्र सातव्याने घेतले, अंतिम कळ पहिल्याकडे गेली, असे सर्रास घडते. म्हणून प्रत्येक नोंदीत प्रोसेसचा क्रमांक तर हवाच, पण प्रत्येक विनंतीस प्रवेशद्वारातच एक स्वतंत्र क्रमांक देऊन तो पुढील प्रत्येक ओळीत उमटविला पाहिजे. हाच क्रमांक अर्जदाराच्या पडद्यावरही, विशेषतः काम फसल्याच्या सूचनेसह, दाखविला तर सेवा केंद्रचालक तो कागदावर उतरवून देऊ शकतो. पोचपावती नसली तरी शेतकऱ्याच्या हातात काहीतरी राहते, आणि कार्यालयास हजारो ओळींतून शोध घेण्यासाठी धागा मिळतो. यास खर्च जवळजवळ काहीच नाही. तरीही अनेक संकेतस्थळांवर "काहीतरी चूक झाली, पुन्हा प्रयत्न करा" याखेरीज काही दिसत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

वेळेची गोष्ट तर विशेष काळजीची. पुष्कळ सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर चालतात आणि ती भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे आहे. रात्री अकरा बावन्नचा अर्ज अशा वहीत संध्याकाळी सहा बावीसला आलेला दिसेल. त्याने हानी नाही. पण १ एप्रिल रोजी पहाटे दोन वाजता आलेला अर्ज त्याच वहीत ३१ मार्चच्या रात्री साडेआठचा दिसेल. तारीख पाहून निर्णय देणारा अधिकारी मुदतीनंतरचा अर्ज मुदतीतला ठरवील. म्हणून वेळेबरोबर तिचा पट्टाही लिहिलेला असावा. भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी जे निर्देश काढले, त्यांत शासकीय संस्थांसह सर्व संबंधितांनी आपल्या यंत्रणांची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या काल-सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी, मिळवून घ्यावीत असे सांगितले आहे. त्याच निर्देशांनुसार लॉग १८० दिवस सुरक्षित ठेवावे लागतात आणि विहित प्रकारच्या सायबर घटना सहा तासांच्या आत कळवाव्या लागतात. ज्या कार्यालयाची वही दर मध्यरात्री आपोआप पुसली जाते, ते हा नियम नकळत दररोज मोडीत असते.

काय लिहावे याबरोबर काय लिहू नये, हेही पाहिले पाहिजे. मे २०१८ मध्ये ट्विटर कंपनीस असे आढळून आले की, वापरकर्त्यांचे पासवर्ड सांकेतिक रूपात जाण्यापूर्वीच तिच्या अंतर्गत लॉगमध्ये जसेच्या तसे लिहिले जात होते. तिने ३३ कोटींहून अधिक वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याचा सल्ला दिला. मार्च २०१९ मध्ये फेसबुकनेही अशाच स्वरूपाची कबुली दिली. आधार क्रमांक, ओटीपी, बँक खाते यांपैकी काहीही रोजकिर्दीत उतरता कामा नये. अर्जाच्या क्रमांकावर काम भागते. तसेच अर्जदाराने भरलेला मजकूर लॉगमध्ये जाताना त्यातील ओळ तोडणारी चिन्हे काढून टाकावी लागतात, नाहीतर बाहेरचा माणूस वहीत खोटी ओळ घुसवू शकतो. डिसेंबर २०२१ मध्ये जावा भाषेतील लॉग-फोर-जे या नोंदीच्या साधनात जो दोष उघडकीस आला, तो याहून भयंकर होता. लिहावयास दिलेल्या मजकुरातील विशिष्ट शब्दरचना ते साधन आज्ञा समजून अमलात आणीत असे. बारनिशीत टपालाचा विषय उतरवून घेताना लिपिकाने तो हुकूम समजून तिजोरी उघडावी, तसा हा प्रकार झाला. जगभरच्या यंत्रणांना त्या महिन्यात रात्रंदिवस दुरुस्ती करावी लागली.

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ अन्वये इलेक्ट्रॉनिक अभिलेख पुरावा म्हणून सादर करताना प्रमाणपत्र जोडावे लागते, व त्यात त्या अभिलेखाचा 'हॅश' नमूद करावा लागतो. हॅश म्हणजे फाईलीतील प्रत्येक अक्षरावरून गणिताने काढलेला ठसा. एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. दररोज बंद झालेल्या लॉग-फाईलीचा ठसा त्याच वेळी काढून वेगळ्या यंत्रावर ठेवला, तर पुढे वहीत कोणी हात घातला काय, हे तपासता येते.

संकेतस्थळ ताब्यात घेताना अधिकाऱ्यांनी आज्ञावली वाचावी, अशी अपेक्षा कोणी करीत नाही. मात्र पुरवठादारास काही साधे प्रश्न विचारता येतात. वर्कर किती आहेत, आणि लॉगची फाईल त्यांपैकी किती जण उघडतात? मध्यरात्री ती कोण बदलतो? एखादा वर्कर आपल्यासमोर बंद पाडला तर त्याची अखेरची ओळ सापडते काय? मुदतीच्या आदल्या दिवशीची फाईल आता, या क्षणी, दाखविता येईल काय? अखेरचा प्रश्न सर्वांत सोपा आणि सर्वांत अडचणीचा आहे.

ज्या शाळांत संगणक कक्ष आहे तेथील शिक्षकांना हाच विषय एका तासिकेत मुलांपुढे मांडता येईल. क्रमांक घातलेल्या एक हजार ओळी लिहिणारी छोटी आज्ञावली पायथनमध्ये करावी आणि तिच्या चार प्रती एकाच वेळी एकाच फाईलीवर सोडाव्यात. फाईल साध्या लेखनासाठी उघडली असेल तर ओळी चार हजारांहून पुष्कळ कमी भरतात, आणि काही तुटलेल्याही दिसतात. 'शेवटी जोडा' पद्धतीने उघडली तर चार हजार भरतात. मुलांना वाटते, प्रश्न सुटला. मग आकारमानाची लहान मर्यादा घालून फाईल आपोआप बदलण्याची सोय चारही प्रतींत जोडावी आणि सर्व फाईलींतील ओळींची बेरीज करावी. ती बहुधा कमी येते, आणि दर खेपेस वेगळी येते. शेवटी चौघांनी रांगेत टाकावे आणि पाचव्याने लिहावे, अशी रचना करावी. बेरीज पुन्हा चार हजार भरते.